रोहिणीचे पाणी

सिद्धार्थ गौतमाने घर का सोडले, याची दोन उत्तरे महाराष्ट्रात सांगितली जातात. पहिले उत्तर कॅलेंडरवरच्या चित्रांनी घरोघर पोचवलेले आहे. राजपुत्र रथातून फिरायला निघाला, वाटेत त्याला एक म्हातारा, एक आजारी माणूस, एक प्रेत आणि एक संन्यासी दिसला, आणि त्या रात्री झोपलेल्या पत्नीकडे आणि तान्ह्या मुलाकडे एकवार पाहून तो कंथक घोड्यावर बसून निघून गेला. दुसरे उत्तर बुद्धविहारात ऐकायला मिळते. त्यात रथही नाही आणि मध्यरात्रही नाही. शाक्य आणि कोलिय या दोन गणांच्या शिवारांमधून रोहिणी नदी वाहते. दोन्ही काठांची शेती तिच्याच पाण्यावर पिकते. पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून भांडण पेटते, हाणामारी होते आणि शाक्यांचा सेनापती संघाच्या सभेत युद्धाचा ठराव मांडतो.

सिद्धार्थ त्या संघाचा सभासद असतो. तो ठरावाला विरोध करतो. दोन्हीकडची दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पंचांनी तोडगा काढावा, अशी सूचना तो मांडतो. मतदान होते आणि सिद्धार्थ हरतो. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीचा ठराव येतो, त्यालाही तो नकार देतो. सैन्यात भरती व्हायचे, देहदंड किंवा देशत्याग स्वीकारायचा, नाहीतर कुटुंबावर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती ओढवून घ्यायची, असे तीन मार्ग त्याच्यापुढे उरतात. तो परिव्रज्या घेऊन देश सोडतो. आईवडिलांना सांगून आणि यशोधरेशी बोलून जातो.

ही दुसरी मांडणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथातली आहे. ग्रंथ १९५७ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर, सिद्धार्थ महाविद्यालयाच्या प्रकाशनाने छापला. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारपण, आजार आणि मरण पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटत नाही, असे आंबेडकर प्रस्तावनेतच स्पष्ट लिहितात. जुन्या धर्माला आधुनिक जगात आणण्याची त्यांची पद्धत या एका बदलात पूर्ण दिसते. चमत्कार आणि योगायोग बाजूला ठेवायचे. माणूस एखादी गोष्ट का करतो त्याचे कारण समाजात शोधायचे. आणि ते कारण आजच्या माणसाला स्वतःच्या जगण्यातून ओळखता आले पाहिजे.

सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातल्या शेतकऱ्याला हे कारण समजावून सांगावे लागत नाही. कृष्णा आणि येरळा या दोन नद्यांचा हा मुलूख. कृष्णाकाठचा ऊस आणि आतल्या बाजूची द्राक्षबाग, दोन्ही पाण्याच्या पाळीवर जगतात. बारे चुकले, चारीचे तोंड कोणी रात्रीत फिरवले, मोटारीला वीज आली आणि पाइपला पाणी आले नाही, की सख्खे भाऊ बांधावर उभे राहून एकमेकांची उणीदुणी काढतात. पाली वाङ्मयातल्या कुणाल जातकाच्या अट्ठकथेतले भांडण नेमके याच जातीचे आहे. जेठ महिना आहे, पीक कोमेजू लागले आहे. दोन्ही काठांचे मजूर म्हणतात की आमचे पीक आता एका पाण्याचे राहिले आहे, ते आम्हाला घेऊ द्या. मग शिव्या, मग काठ्या, मग जातकुळीचा उद्धार. मूळ कथेत हा तंटा बुद्धत्वप्राप्तीनंतरचा आहे. बुद्ध मधे पडून दोन्ही बाजूंना विचारतात की पाण्याची किंमत किती आणि माणसाच्या रक्ताची किती. हा तंटा गृहत्यागाच्या आधी आणून तोच गृहत्यागाचे कारण ठरवणे, ही नवी मांडणी झाली.

या मांडणीची पायवाट गोव्यातल्या एका माणसाने पाडली होती. धर्मानंद कोसंबी १८७६ मध्ये सांखवळ येथे जन्मले. शाळा फार शिकले नाहीत. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकातल्या लेखामुळे बुद्धाची ओढ लागली, आणि बायको व लहान मुलगी मागे ठेवून ते १८९९ मध्ये ज्ञानाच्या शोधात निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे फिरत १९०२ मध्ये श्रीलंकेला पोचले, तिथे पाली शिकले, भिक्षू झाले. पुढे त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली आणि अमेरिकेत हार्वर्डच्या ग्रंथसंपादनातही भाग घेतला. त्यांचे 'भगवान बुद्ध' हे मराठी पुस्तक १९४०-४१ मध्ये आले. सर्वांत जुनी सुत्ते आणि त्यांच्यावर नंतर चढलेल्या दंतकथा यांची फारकत करणे, हे त्यांचे काम. सुत्तनिपातातल्या अत्तदंड सुत्तात अपुऱ्या पाण्यातल्या माशांसारखी तडफडणारी, एकमेकांविरुद्ध शस्त्र धरणारी माणसे पाहून भय वाटले, असे बुद्ध स्वतः सांगतात. अरियपरियेसन सुत्तात आईवडील रडत असताना आपण केस उतरवले, असे ते म्हणतात. चार दृश्ये आणि मध्यरात्रीचे पलायन यांना जुना आधार नाही, हे कोसंबींनी या सुत्तांवरून दाखवले आणि शाक्य-कोलियांच्या कलहाकडे बोट केले. आंबेडकरांनी त्या बोटाच्या दिशेने संपूर्ण प्रसंग उभा केला.

आंबेडकरांच्या बाजूने या प्रसंगामागे एक स्वतःची तहानही आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. त्यांचे बालपण साताऱ्यात गेले. आई भीमाबाई तिथेच १८९६ मध्ये वारल्या, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव तिथल्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. १९०१ च्या उन्हाळ्यात ते, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले अशी पोरे आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला होते. दुष्काळी कामावर तलाव खोदण्याचे काम चालू होते आणि तिथे ते खजिनदार होते. पत्र वेळेवर न पोचल्याने न्यायला कोणी आले नाही. पोरे महाराची आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. दुप्पट भाडे घेऊन एक गाडीवान तयार झाला, पण गाडी पोरांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. डबा भरलेला होता, मात्र रात्रभर कोणी पाणी दिले नाही. दुष्काळात तलाव खोदणाऱ्यांचा हिशेब ज्याचे वडील ठेवत होते, तो नऊ-दहा वर्षांचा मुलगा घोटभर पाण्यावाचून झोपला. मसूरहून हाच लोहमार्ग कराड, शेणोली, ताकारी करत दक्षिणेला येतो आणि पलूसच्या उशाशी किर्लोस्करवाडीला थांबतो. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले. रोहिणीच्या काठावरचा सिद्धार्थ लिहिणारा हात तोच आहे.

बुद्धाशी आंबेडकरांची ओळख जुनी. १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर सत्काराच्या वेळी कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले होते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. त्यानंतर एकवीस वर्षे त्यांनी धर्म पारखून घेतले. १९५० मध्ये 'महाबोधि' नियतकालिकातल्या लेखात त्यांनी कसोट्या मांडल्या. धर्माने समाजाला नीतीचा आधार दिला पाहिजे, तो विज्ञानाशी सुसंगत असला पाहिजे, त्याने स्वातंत्र्य, समता आणि बंधुता मानली पाहिजे, आणि दारिद्र्याला पवित्र ठरवता कामा नये. यातली शेवटची अट वाचताना गावकुसाबाहेरची वस्ती डोळ्यांपुढे येते. उपाशी माणसाला उपासाचे माहात्म्य सांगणारा धर्म त्यांना नको होता.

या कसोट्यांवर घासताना बौद्ध परंपराही सुटली नाही. गृहत्यागाखेरीज आणखी तीन प्रश्न त्यांनी प्रस्तावनेत उभे केले आणि सगळे विद्वानांना खटकणारे होते.

पहिला दुःखाचा. जन्म, जरा, मरण हेच दुःख असेल आणि त्यातून सुटका नसेल, तर धम्म निराशेचा ठरतो. चार आर्यसत्ये ही बुद्धाची मूळ शिकवण की भिक्षूंनी नंतर घातलेली भर, असे त्यांनी विचारले. त्यांच्या ग्रंथात दुःखाचा मोठा वाटा माणसाने माणसावर लादलेला आहे. शाक्य आणि कोलिय समेट करतात, अशी बातमी वनात सिद्धार्थाला मिळते. कारण संपले, आता परत जावे, असे त्यालाही वाटून जाते. पण युद्ध मिटले तरी वर्गावर्गांतला संघर्ष कायमचा आहे आणि जगाच्या दुःखाचे मूळ तिथे आहे, हे उमगून तो पुढेच चालतो. ग्रंथातली ही दोन-तीन पाने सर्वांत मोलाची आहेत.

दुसरा प्रश्न कर्म आणि पुनर्जन्माचा. आत्मा नाही म्हणायचे आणि पुनर्जन्म मात्र मानायचा, हे कसे? आंबेडकर उत्तर देतात की शरीरातली महाभूते विश्वातल्या महाभूतांत मिसळतात, ऊर्जा नष्ट होत नाही, पण तीच व्यक्ती दुसऱ्या पोटी जन्म घेत नाही. आणि कर्म म्हणजे नैतिक व्यवस्थेचा नियम. मागच्या जन्मीचे पाप म्हणून आज हा जन्म, हे त्यात बसत नाही. वरकरणी ही तत्त्वज्ञानातली बारीक चिकित्सा वाटते. मेलेली जनावरे ओढणे हे ज्याच्या वाट्याला पूर्वकर्म म्हणून आले, त्याच्यासाठी ती सुटकेची गोष्ट होती.

तिसरा भिक्षूचा. भिक्षू हा एकांतात स्वतःला पूर्णत्वाला नेणारा माणूस की समाजाचा सेवक? केवळ पहिला असेल तर तो कितीही निर्मळ असला तरी धम्माच्या प्रसाराला उपयोगाचा नाही, हे आंबेडकरांचे मत ठाम आहे. त्याच धाग्याने ते धर्म आणि धम्म यांत अंतर करतात. धर्म माणसाचा खासगी असू शकतो. धम्म दोन माणसे एकत्र आली की लागतो, कारण एकाने दुसऱ्याशी कसे वागावे हाच त्याचा विषय. इतर धर्मांत जी जागा ईश्वराची, ती धम्मात नीतीची.

बौद्ध धम्माला नव्या काळाशी जोडण्याचे प्रयत्न बाहेरही झाले होते. श्रीलंकेत कर्नल ऑलकॉट आणि अनागारिक धर्मपाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शाळा, प्रश्नोत्तरांच्या पुस्तिका आणि व्याख्याने यांतून नवे रूप दिले. ब्रह्मदेशात ध्यान विहारांतून बाहेर पडून गृहस्थांपर्यंत आले. व्हिएतनामच्या युद्धात थिच न्हात हान्ह यांनी भिक्षूंना आणि तरुणांना मदतकार्यात उतरवले. हे सारे आधीपासून बौद्ध असलेल्या समाजांत घडले. महाराष्ट्रात गोष्ट उलटी होती. इथे धम्म अनेक शतके जिवंत समाज म्हणून उरला नव्हता, राहिली होती फक्त लेणी. कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात साठाहून अधिक लेणी आहेत, भारहूतच्या दानलेखांत येणारे करहकट हे नाव कराडचेच मानतात, आणि तरी कृष्णाकाठच्या माणसाला ती लेणी पांडवांची वाटत. ज्यांच्याकडे धम्म नव्हता त्यांनी तो विचार करून निवडला, आणि निवडताना त्याला आपल्या गरजेप्रमाणे बोलायला लावले. परंपरेतल्या पंडितांनी त्यावर कडक टीका केली. हा बुद्धाचा धम्म नसून आंबेडकरांचा आहे, असा आक्षेप 'महाबोधि'तच १९५९ मध्ये छापून आला. आक्षेपात तथ्य आहे, तरी त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही. चीनमध्ये, तिबेटात, जपानमध्ये धम्म गेला तेव्हा तो प्रत्येक ठिकाणी तिथल्या माणसांच्या प्रश्नांना सामोरा गेला आणि बदलला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, नागपूरला कुशीनाराचे भिक्षू चंद्रमणी महास्थविर यांच्याकडून आंबेडकरांनी त्रिशरण आणि पंचशील घेतले. मग स्वतः लाखो लोकांना दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. गृहस्थाने गृहस्थांना दीक्षा द्यायची, हे परंपरेला नवे होते. ६ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. आदल्या रात्रीपर्यंत ग्रंथाच्या प्रस्तावनेचे काम चालू होते. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते, १९६१ मध्ये ते २७ लाख ८९ हजारांवर गेले. २०११ मध्ये राज्यात ६५ लाखांहून अधिक बौद्ध नोंदले गेले, देशातल्या एकूण बौद्धांच्या तीन चतुर्थांशाहून जास्त.

ग्रंथातला बदल माणसांच्या अंगी उतरला तो लग्नामर्तिकांतून. जुन्या सातारा जिल्ह्यात, ज्यातून पुढे सांगली वेगळी झाली, याला अनुकूल माती होती. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ पासून भटजीवाचून लग्ने लावली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सत्यशोधकी जलशांनी ती गोष्ट साताऱ्याच्या खेड्यांत पोचवली. १९४३ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने, ज्याचे एक मोठे केंद्र आजच्या पलूस तालुक्यातले कुंडल होते, बिनखर्चाचे गांधी विवाह लावले. हार घालायचे, चार शब्द बोलायचे, कर्ज काढायचे नाही. बौद्ध विवाह या दोन्हींच्या मागून आला. त्याचा आशय वेगळा होता, पण पुरोहितावाचून लग्न लागते हे गावाने आधी पाहिले होते.

मंडपात टेबलावर पांढरे कापड, त्यावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, मेणबत्त्या, अगरबत्ती, फुले. वधूवर पांढऱ्या कपड्यांत. भारतीय बौद्ध महासभेने, जी आंबेडकरांनी १९५५ मध्ये स्थापली, तयार केलेला बौद्धाचार्य विधी चालवतो. तो एरवी शिक्षक असतो, एसटीत वाहक असतो किंवा कारखान्यात फिटर असतो. त्रिशरण-पंचशील झाल्यावर वर पाच प्रतिज्ञा म्हणतो: पत्नीचा सन्मान करीन, तिचा अपमान करणार नाही, व्यभिचार करणार नाही, घरचे अधिकार तिच्या हाती देईन, वस्त्रालंकारांनी तिला संतुष्ट ठेवीन. वधूही पाच म्हणते. या प्रतिज्ञा सिगालोवाद सुत्तातून घेतल्या आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वी एका गृहस्थाच्या मुलाला दिलेला उपदेश इथे लाउडस्पीकरवरून दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर शपथ होतो. मग जयमंगल अष्टगाथा, आणि तांदळाच्या अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या. माणूस गेल्यावर दहावे-तेरावे नसते. त्या जागी जलदानविधी आणि पुण्यानुमोदन असते. कायद्याने मात्र बौद्धांचे लग्न आजही १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखालीच येते आणि वेगळ्या कायद्याची मागणी जुनी आहे. अनुसूचित जातींच्या सवलती धर्मांतरित बौद्धांना केंद्रात मिळायला १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे हा अन्याय चालला.

नव्या रूपाचे वाद संपलेले नाहीत. सत्यनारायण गोएंकांनी १९७६ मध्ये इगतपुरीला सुरू केलेल्या विपश्यना केंद्रात हजारो बौद्ध जातात, आणि डोळे मिटून बसण्याने वस्तीचे प्रश्न सुटतात का, असे चळवळीतले कार्यकर्ते विचारतात. आंबेडकरांना भेटलेले इंग्रज भिक्षू संघरक्षित यांच्या प्रेरणेने १९७९ मध्ये उभ्या राहिलेल्या त्रैलोक्य बौद्ध महासंघाने ध्यान आणि वसतिगृहे दोन्ही हाती घेतली. त्यामुळे ही दोन टोके वाटतात तितकी लांब नसावीत. दुसरा वाद जास्त जिव्हारी लागणारा आहे. धम्म स्वीकारून सत्तर वर्षे होत आली, तरी राज्यातले बहुसंख्य बौद्ध एकाच पूर्वजातीतून आलेले आहेत. शेजारच्या मांग, चांभार, धनगर वस्तीपर्यंत रोहिणीची गोष्ट क्वचितच पोचते.

पाण्याच्या बाबतीत ती दुसऱ्या वाटेने पोचली. वाळव्याजवळच्या कासेगावात राहिलेल्या गेल ऑम्वेट यांनी २००३ मध्ये 'बुद्धिझम इन इंडिया' हा ग्रंथ लिहिला. बौद्ध धम्माकडे जातिव्यवस्थेला दिलेले आव्हान म्हणून पाहणारा तो महत्त्वाचा इतिहास आहे. त्या आणि भारत पाटणकर ज्या श्रमिक मुक्ती दलात होते, त्याने येरळेवर बळीराजा धरणाच्या उभारणीला साथ दिली आणि कुटुंबागणिक समान पाणी, भूमिहीनालाही पाण्याचा हक्क, ही मागणी कृष्णा खोऱ्यात रुजवली. तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी चळवळीत कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी उभे होते. ही चळवळ बौद्धांची नव्हती, शेतकऱ्यांची होती. पण दोन काठांच्या माणसांनी बसून पाणी वाटून घ्यावे, ही सिद्धार्थाची हरलेली सूचना तिच्या ठरावांत होती. तीच येरळा पलूस तालुक्यात ब्रह्मनाळपाशी कृष्णेला मिळते.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. पूर्वी भिक्षू पावसात एका जागी थांबत, म्हणून हे तीन महिने. आता ते वाचनाचे महिने आहेत. संध्याकाळी सातच्या सुमाराला विहाराचा लोखंडी दरवाजा कुरकुरतो, बाया ओल्या छत्र्या भिंतीला टेकवून सतरंजीवर बसतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पांढऱ्या कापडातून निघतो. ग्रंथात प्रत्येक परिच्छेदाला आकडा आहे, त्यामुळे कालचे वाचन कुठे थांबले ते शोधावे लागत नाही. कॉलेजातली एखादी मुलगी वाचते, अडखळलेल्या शब्दापाशी मागून कोणीतरी तो पुरवतो. ज्यांना अक्षरे येत नाहीत अशा आजींनाही सेनापतीच्या ठरावानंतर काय होणार ते माहीत असते. रोहिणीचा तंटा पहिल्याच खंडात आहे, म्हणून तो दर वर्षी पहिल्या आठवड्यांत येतो, कोयनेतून पाणी सुटून कृष्णा पात्राबाहेर जायच्या बेतात असते तेव्हा. अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, खीर वाटली जाते आणि ग्रंथ पुन्हा कपाटात जातो.